सतरा नंबरचा तुकडा

गिंगिंडलोव्हूच्या मागच्या उतारावर,
जिथून समुद्र दिसत नाही, फक्त संध्याकाळी त्याचा वास येतो,
झिबुयीले ऊस फाडते.
तोडत नाही. तोडणारी टोळी वेगळी.
ही एकेक ऊस उभा चिरते,
आत डोकावते,
वहीत आकडा लिहिते.
अळ्या मोजण्याचा पगार मिळतो तिला.

पाऊस चुकल्याचं हे दुसरं वर्ष.
उसाची पानं सुरळी करून उभी,
दवाखान्याच्या रांगेतल्या माणसांसारखी, अंग चोरून.
तहानलेल्या उसाची बातमी एल्डानाला आधी लागते.
राखी पतंगाची मादी, नखाएवढी,
रात्री येते आणि वाळक्या पाचटात अंडी घालून जाते.
ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये
हे तिच्या पोरांना कोणी शिकवलेलं नसतं.

तेरा नंबरचा तुकडा: शंभर उसांत एकेचाळीस किडके.
आत लाल भुगा, आंबूस वास,
आणि बोगद्यात मागे सरकणारं
एक मळकट, घाबरलेलं अंग.

सतरा नंबरची गोष्ट निराळी.
लागणीआधी इथे ट्रक आले होते,
मळी घेऊन. साखर कारखान्याची नव्हे,
पोलादाच्या भट्टीची, राखाडी, कोरडी.
आई म्हणाली होती,
"यांना कचरा टाकायला आपलंच रान दिसलं."

पण मळी मातीत विरत गेली,
सावकाश, कोणाला न कळवता,
आणि तिच्यातलं सिलिकॉन पाण्यात असं मिसळलं
की रंग नाही, चव नाही.
मुळांनी ते पाण्याबरोबरच पिऊन टाकलं.
पुढे पाणी पानांतून उडून गेलं,
पाण्याची रीतच ती.
दगड मागे राहिला,
सालीत, पानाच्या कातडीत, पेशीपेशीत,
किटलीच्या तळाला पांढरं साचतं तसा.
दगडाला पाझर फुटतो म्हणतात.
इथे पाझराला दगड फुटला.

म्हणून ऊस काही हिरवागार झाला नाही.
त्या पातळ काचेनं थोडं पाणी धरून ठेवलं, एवढंच.
शेजारचा तुकडा अकरालाच मिटतो,
हा साडेबारापर्यंत तग धरतो.
दीड तास.
दुष्काळात दीड तास म्हणजे काय
ते उसाला विचारावं.

शंभर उसांत बारा.
झिबुयीलेनं पुन्हा मोजले. बाराच.
एका पेराशी, डोळ्याजवळ,
कालपरवा जन्मलेली अळी सापडली, आत न शिरलेली.
भिंगाखाली धरली तर जबड्याच्या कडा झिजलेल्या,
बिचारी लोखंडाचे चणे खात बसली होती.
आणि जितका वेळ बाहेर, तितक्या मुंग्या.
मुंग्या आधीच ओळीनं येत होत्या.
झिबुयीलेनं अळी त्यांच्या वाटेवर ठेवली.
हे वहीत लिहिलं नाही.

प्रयोगशाळेतला सिफेसिहले दुपारी आला,
नळ्या, पिशव्या, चिकटपट्ट्या,
म्हणाला, पानं भट्टीत जाळून, राख तोलून,
महिन्याभरात सांगू सिलिकॉन किती चढलं ते.
ती म्हणाली, "चढलंय."
"कशावरून?"
तिनं खिशातून धार लावायचा दगड काढला,
मधोमध खोलगट झालेला.
"तेरा नंबरात सुरी सकाळी एकदा घासते.
इथे तीनदा."

तो हसला नाही.
त्यानं ते लिहून घेतलं,
कुठल्या रकान्यात ते मात्र त्याला सुचेना.

संध्याकाळी आई अंगणात पाय पसरून बसलेली.
एकवीस हंगाम ऊस तोडला तिनं.
कोपरापासून मनगटापर्यंत
बारीक पांढऱ्या रेघा, केसाएवढ्या,
पानांनी ओढलेल्या.
झिबुयीलेनं आपला हात तिच्या हाताशेजारी धरला.
आज तीन नव्या, अजून लाल.
आईनं अंगठ्यानं एक चाचपली,
"कुठल्या तुकड्यातली?"
"सतरा."
"वाटलंच," आई म्हणाली,
आणि सुरी मागितली,
उद्यासाठी घासून ठेवायला.