काटा बघ, माझ्याकडे नको

गरम असताना उघडायचं नाही.
हे मी मामातकरीमला रात्रीच सांगितलं,
बाही वर करून मनगटही दाखवलं:
एकोणिसाव्या वर्षी मोटार-डेपोत
घाईने फिरवलेल्या एका झाकणाची सही आहे तिथे.
मग पजेरो रात्रभर कंटेनरच्या आडोशाला,
आणि तो न् त्याची बायको
माझ्या शेगडीपाशी, शेणाच्या धगीत.

आमच्या मुरगाबला पाणी लवकर चिडतं.
समुद्राकाठी म्हणे शंभरावर उकळतं,
इथे अठ्ठ्याऐंशीलाच उड्या मारायला लागतं.
उड्या मारतं, पण मांस शिजवत नाही.
म्हणून घरोघरी कुकर.
गाडीचंही तेच. वर झाकण घट्ट, आत दाब,
दाबाखाली पाणी शहाण्यासारखं वागतं,
तापतं, पण उकळत नाही.
झाकण ढिलं पडलं
की अक-बायतालच्या चढावर, शेवटच्या दोन वळणांत
बॉनेटखालून पांढरी दाढी बाहेर.

"तीनदा झालं," तो म्हणाला.
ओशला नवा रेडिएटर टाकला,
वॉटर पंप, थर्मोस्टॅट, दोन्ही होज.
दोन याक विकले.
आणि झाकण?
"ते होतंच की जुनं."

सकाळी आठ. इंजिन हाताला दगडासारखं गार.
माझं यंत्र दाखवायला मी लाजत नाही:
भोक पाडलेलं एक झाकण, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह,
सायकलचा पंप,
आणि डेपो बंद पडला त्या हिवाळ्यात
पगाराऐवजी उचलून आणलेला मीटर.
काचेला तडा आहे. काटा खोटं बोलत नाही.

पंप मारला. शून्य पूर्णांक नऊ. थांबले.
झाकणावर लिहिलंय तेवढंच मागायचं,
जास्त मागितलं तर धडधाकट होजही फाटते.

मामातकरीम माझ्या तोंडाकडे बघत होता,
दवाखान्यात बघतात तसा.
काटा बघ, म्हटलं, माझ्याकडे नको.

मी बॅटरी घेऊन खाली सरकले.
पंपाच्या पोटातलं बारीक भोक कोरडं.
जोडांवर हिरवा थेंब नाही.
आत, हीटरखालचा गालिचा हुंगला,
गोड वास नाही.
चहा झाला. काटा नऊवर.
कुत्रं भुंकून भुंकून थांबलं. काटा नऊवर.

गाडी निरोगी होती.

मग झाकण.
भंगारातल्या रेडिएटरची मान कापून
तिचं बूड झाळून ठेवलंय मी, खास ह्या कामासाठी.
बसवलं. एक, दोन, तीन,
फुस्स.
नऊ पेलायचे होते, तिनावर सुटलं.
उलटं करून दाखवलं:
रबर वाळून टाचेसारखं भेगाळलेलं.

"नव्याचे किती?"
चाळीस सोमोनी.
"चाळीस?"
तो भडकला. माझ्यावर नाही, किमतीवर.
दोन्ही याकांची नावं घेतली त्याने,
मोठमोठ्याने, माझ्या अंगणात.
बिघाड निदान महाग तरी निघावा,
असं वाटतं माणसाला.

आजार म्हशीला, औषध पखालीला.
पण मी बोलले नाही.
बायको बोलली, चहात बघत:
"झाकणाभोवती पांढरं साचतंय, मी म्हटलं होतं.
उन्हाळ्यातच म्हटलं होतं."
तो काही म्हणाला नाही. कपही खाली ठेवला नाही.

चिनी ट्रकवाल्याकडून घेतलेला डबा काढला.
नवं आहे म्हणून विश्वास ठेवायचा नसतो.
पहिलं सहावर सुटलं.
दुसरं बारावरही सुटेना, ते तर नकोच,
कधीच न सुटणारं झाकण
रेडिएटर फाडून मोकळं होतं.
तिसरं नऊवर उसासलं,
आणि नऊवरच राहिलं.
हे घे.

संध्याकाळी काराकुलकडून एक ट्रक उतरला.
वाटेत पजेरो दिसली का, विचारलं, पांढरी,
डावा दिवा फुटलेली?
"दिसली की. घाटमाथ्यावर."
वाफ?
"वाफ नव्हती," तो म्हणाला,
"पण आतली दोघं भांडत होती,
काचा खाली करून."