रुपयातले बारा आणे

इल्पोची गाडी धावते छान,
थांबली की थरथरते.
रेल्वे फाटकापाशी, लाकडांची मालगाडी जाईपर्यंत,
काटा नऊशेवर, सहाशेवर, पुन्हा नऊशेवर,
पेल्यातल्या कॉफीवर वर्तुळं,
आरसा हलतो, आरशातली मागची बर्फगाडी हलते,
आणि इल्पो ॲक्सिलरेटरवर अंगठ्यापुरता भार देऊन
बसून राहतो,
तान्ह्याला थोपटावं तसा.

"तूव्ही, प्लग बघ," म्हणाला.
तीस वर्षं डिझेलचे ट्रक हाकले याने.
डिझेलवाल्यांना प्लगचं भारी कौतुक,
जन्मात कधी बदलावा लागला नाही ना.
मार्चमध्ये ट्रक सोडला, तेव्हापासून रोज येतो गॅरेजात.
काल वायपर, परवा टायरची हवा.
आज मात्र खरंच काहीतरी होतं.

चारी प्लग काढून फडक्यावर मांडले.
तिघांचा रंग दालचिनीचा, तिसऱ्याच्या टोकाला काजळी.
फट मोजली. सहा दशांश मिलिमीटर.
"एवढी कमी कुणी ठेवली?"
"मीच. गेल्या हिवाळ्यात सोदान्क्युलाच्या चढावर
टर्बो भरला की ठसका लागायचा.
ऐवार म्हणाला, ठोकून जवळ आण."

ऐवार चुकीचं बोलला नव्हता.
टर्बो म्हणजे स्वतःच्याच उच्छ्वासावर फिरणारा भाता;
तो सिलिंडरात हवा कोंबतो, दाटी होते,
आणि दाटीत ठिणगीची उडी तोकडी पडते.
ज्या फुंकरीने चूल पेटते
तिनेच दिवा विझतो.
म्हणून टोकं जवळ आणायची.

पण चढ काही रोज नसतो.
उभ्या गाडीत हवा विरळ, पेट्रोल चिमूटभर,
तिथे ठिणगी लांब लागते.
जवळच्या जवळ उडालेली
ती स्वतःपुरती चमकते,
बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

आठ दशांशाचं पातं घेतलं.
ते लोण्यातल्या सुरीसारखं जाऊ नये,
जरा अडखळून जावं.
किती अडखळावं हे पुस्तकात नसतं,
बोटांना असतं, तेही थंडीत नसतं;
दोनदा हात हीटरवर धरावे लागले.

सुरू केली. बरी चालली.
बरी म्हणजे रुपयातले बारा आणे.
उरलेले चार शोधायला मी रेडिओ बंद केला.
मग इल्पोला बंद केलं, ते जास्त अवघड.
बाहेर उणे एकतीस,
आत फक्त इंजिन आणि त्याच्या मागे कुठेतरी,
दात मिटून कुणी श्वास ओढावा तसं,
स्सस.

इनटेकमागची रबरी नळी.
नखभर चीर, टाचेच्या भेगेसारखी.
धावताना गाडीला तिचं काही वाटत नव्हतं,
एवढ्या वाऱ्यात एवढासा वारा!
थांबल्यावर मात्र
तेवढाच पुरेसा होता.

चार युरोंची नळी, पाच मिनिटांचं काम.
"म्हणजे प्लग नव्हता?"
"प्लगही होता."
"मग ऐवार चुकला?"
"ऐवार चढापुरता बरोबर होता."
हे त्याला पटलं नाही. एकच गुन्हेगार हवा होता,
तोही शक्यतो ऐवार.

काटा साडेआठशेवर चिकटला.
जुनी साब, उसिकाउपुंकीच्या कारखान्यातली,
तिच्या पेल्यात कॉफी आरशासारखी.
मी हात पुसले, बिल लिहिलं,
"झालं, घरी जा" म्हटलं.
"जातो," म्हणाला, आणि गेला नाही.
दोन्ही पाय पेडलवरून काढून
मांडीवर टोपी घेऊन
ऐकत बसला.

मी गॅरेजचं दार कमरेइतकं वर केलं.
धूर बाहेर जायला हवा होता,
आणि याला अजून बराच वेळ
काही न करता बसायचं होतं.