नाक कुणाचं पुढे

शर्यत साडेचारची होती.
पण समुद्र निमंत्रणपत्रिका वाचत नाही
आणि प्रमुख पाहुणेही वाचत नाहीत.
ओहोटी लागून नांदगावची पुळण कडक व्हायला सहा वाजले,
हार, नारळ, माइकची खरखर यात आणखी दहा मिनिटं,
आणि माझा उजेड सुरूच्या बनातून
चोरासारखा निघून गेला.

लेन्स भाड्याची. पनवेलहून आणलेली,
दिवसाचे नऊशे, डिपॉझिट वेगळं.
अडीच किलोची सुरमई धरावी तशी
डाव्या तळव्यावर तोललेली.
डोळा उघडायचा तेवढा तिने उघडला होता,
त्याहून जास्त तिला येत नव्हतं.

मी लग्नांचा माणूस.
माझ्यासमोर लोक थांबतात.
"हनुवटी खाली" म्हटलं की खाली घेतात,
तान्हं बाळसुद्धा खुळखुळ्याकडे बघतं.
शेवंतीला काय सांगणार?
मुश्ताक उलड्यांची तांबडी घोडी,
गेल्या तीन वर्षांत कुणासाठी थांबलेली नाही.

सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाने सुरुवात केली.
फ्रेममध्ये काळोख, काळोखात चार पाय.
मग पाचशेवा. मग अडीचशेवा.
आयएसओ चढवत गेलो
तशी सावल्यांत रेव दिसायला लागली,
कुणी भाजका रवा सांडल्यासारखी.
उजेड आता फक्त ओल्या वाळूत शिल्लक होता,
तिथे आभाळ थोडा वेळ मागे राहिलेलं.

शेवटच्या फेरीला साठावर आणलं
आणि कंबरेतून वळलो,
घोड्यांबरोबर, श्वास धरून.
शेवंती आणि हसुराम भगतांचा बारक्या
शेजारी शेजारी,
छकड्यांची चाकं पाण्याचा पडदा उडवत,
सादिक लगामावर जवळजवळ उभा.
बोटाखाली एकच खटका.
निशाण पडलं की माझा श्वास सुटला,
आधी काय झालं ते नीट सांगता येत नाही.

मग सगळे माझ्याकडे आले.
पंच, पंचांचे मेहुणे, शेंगदाणेवाला,
दोन्ही घरांची पोरं.
"नाक कुनाचा पुढं हाय ते दाखव."
मी पडदा पुढे केला.
मागचा समुद्र ओढलेल्या रेघांचा,
पाय कुणाचेच नाहीत,
दोन माना एकमेकींत कालवलेल्या.
फक्त शेवंतीचा डोळा
सुईने टोचल्यासारखा स्पष्ट.
"डोळा नको, नाक," हसुराम म्हणाले.
"मोठा कर."

मोठं केलं.
आणखी मोठं केलं.
नाकाचे ठिपके झाले, ठिपक्यांचे चौकोन,
आणि खूप जवळ गेल्यावर
घोडी उरलीच नाही,
वाळू उरली.
उलडे म्हणाले, ही बघा आमची.
भगत म्हणाले, ही बघा आमची.
दोघांची बोटं एकाच ठिकाणी.

शिल्ड सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे
असं काहीतरी ठरलं.
आधी इकडे की तिकडे, यावर पुन्हा भांडण.
मी ऐकायला थांबलो नाही.

पाण्यात मुश्ताक एकटा
तांब्याने घोडीचे पाय धूत होता.
हात फिरवायचा, थांबायचा,
खूर उचलून बघायचा, पुन्हा ठेवायचा.
तिच्या कातडीवरून थरथर जात होती,
मग तीही थांबली.
मी उलट्या छकड्याच्या चाकावर लेन्स टेकवली.
एक अष्टमांश सेकंद.
एवढ्यात घोडा मैदान सोडून जातो,
मी मागत होतो आणि कुणाकडे ते मला ठाऊक नव्हतं.

घोडी स्थिर आली.
समुद्र हलला.
मुश्ताकचा हात धूर झाला,
पण तो तिच्याच पायाशी आहे हे कळतं.

तो फोटो कुणी मागितला नाही.

घरी येऊन बघतो तर
लेन्सच्या कड्यात वाळूचा एक कण अडकलाय.
फिरवली की करकरतो.
सकाळी अकराच्या आत पनवेलला द्यायची आहे,
आणि तो माणूस कान लावून तपासतो.