निरभ्र

खसबच्या हवामान खोलीत रात्रपाळीला मी एकटाच.
कण्हणारा एसी, थर्मासात तळाला उरलेला चहा,
आणि पडद्यावर ते चित्र
जे आमच्याकडे शिळं होऊन येतं,
चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवून.

काढलंय ते एका फौजी उपग्रहाने,
सव्वाआठशे किलोमीटरवरून.
तांबडं फुटायच्या जरा आधी तो आमच्या डोक्यावर असतो,
एकशे एक मिनिटांत पृथ्वीला एक वळसा.
त्याचा डोळा इतका हावरा
की चतकोर चंद्राच्या उजेडातही ढगाची कड टिपतो.
दुसरं एक यंत्र पाहत नाही, चाचपतं:
समुद्राच्या अंगावर शहारा किती, फेस किती,
त्यावरून वाऱ्याचा वेग.
उबेच्या चित्रात तर इथले बोडके डोंगर
मध्यरात्रीही
नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखे.

हे सगळं कशासाठी, ते मला नोकरीच्या सातव्या वर्षी कळलं.
ढग शोधायला नव्हे.
ढग कुठे नाहीत, ते शोधायला.

मी रोज एका रकान्यात एक शब्द भरतो.
अरबीत, मग इंग्रजीत,
मनात मात्र मराठीत: निरभ्र.
बंदरावर तो वाचून लोक जाळी उचलतात.
मी कधीच न पाहिलेल्या एखाद्या टेबलावर
तोच शब्द वाचून कुणी दुसरं काही उचलत असेल.

शमसुद्दीन चोगले, मूळ बाणकोटचे,
चाळीस वर्षं ह्याच पाण्यात.
म्हाकुलासाठी बोटीवर हजार-हजार वॅटचे आठ दिवे.
एका शुक्रवारी तांदळाची भाकरी घेऊन वर आले,
म्हणाले, ह्यात मी कुठं रे?

मी दाखवलं. पलीकडे इराणची किनारपट्टी,
वायूच्या ज्वाळांचे उतू गेलेले पांढरे डाग,
मध्ये सामुद्रधुनीचा काळोख,
त्यात एक तीळ.
हा तुम्ही, शमूभाई.
दोन-अडीच किलोमीटर समुद्र मावतो ह्या ठिपक्यात,
तुम्ही, बोट, दिवे, सगळं धरून.

ते हसले नाहीत.
"बायकोला ठाऊक नसतं मी रात्री कुठं असतो ते.
आणि ह्याला ठाऊक?"
मग जरा थांबून,
"म्हाकुलाचा दिवा कुठला नि दुसरा कुठला,
ते कसं कळतं त्यांना?"

यंत्राची माहितीपुस्तिका मी चारदा वाचली आहे.
त्यात हे नाही.

तेव्हापासून निरभ्र रात्री ते दिवे लावत नाहीत.
म्हाकूल कमी, डिझेलची उधारी जास्त.
शमाल ओसरून हवेत नुसती धूळ उरली
की मात्र खुशाल उजळून निघतात.
माझा अंदाज ते उलटा वाचतात.

आज निरभ्र.
चित्रात सामुद्रधुनी सलग काळी.
ते असतील कुमझारच्या पुढे, दोन खडकांच्या आड.
काचेवर त्या जागी मी बोट ठेवतो.
बोटाखाली बोट.
काच कोमट लागते.

रकाना भरायला अजून सहा मिनिटं आहेत.