सतरा नंबर

उंदीर म्हणायचं नाही, मॅडम सांगतात,
'ॲनिमल' म्हणा, नरसप्पा.
बरं.
चोवीस महिन्यांचा झाला की ॲनिमल म्हातारा.
माणसात धरलं तर साठीच्या आसपास.
मी त्रेसष्ट.

फार्मसी कॉलेजात यायच्या आधी
एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवले, एकतीस वर्षं, कानानं.
धागा तुटला की खटका बदलतो,
पाठ करून उभा असलो तरी कळायचं.
आता पिंजऱ्यातली खुसखुस दोनदा ऐकावी लागते.

मॅडम कवटीवर लेसरची तार टेकवतात.
पडद्यावर रेघ येते : मेंदूत रक्त किती पोचतंय.
तरण्यांची रेघ भरून चालते.
म्हाताऱ्यांची आमच्या नीलम नगरच्या नळासारखी,
पाचव्या दिवशी, आधी नुसती हवा,
मग करंगळीएवढी धार.

कोलेस्टेरॉल मला ठाऊक आहे.
डॉक्टरांनी माझी शेंगाची चटणी त्याच्यावरच बंद केली.
पण मेंदूतलं वेगळं म्हणे,
मेंदू स्वतःचं स्वतः करतो,
तारांवर चढवून ठेवतो. वय झालं की बदलतं.
सुताला खळ देतात तसं का? मी विचारलं.
खळ कमी पडली तर सूत पिंजतं,
जादा झाली तर मोडतं.
मॅडम थांबल्या. वहीत काहीतरी लिहिलं.
मग, कमी होतं का जादा?
तेच तर मोजतोय, म्हणाल्या.

काल सतरा नंबरची पाळी.
गोल हौद, दूध घालून पांढरं केलेलं पाणी,
पाण्याखाली एक पाट, दिसत नाही.
चार दिवस शिकवलं होतं त्याला.
कडेकडेनंच पोहत राहिला,
पाट दोन वितीवर.
साठ सेकंद झाले की मी हात घालतो.

रा नायना, रा.
छाती केवढी उडत होती.
टॉवेल माझ्याच मागावरचा,
काठाला एक चूक आहे, बोटांना सापडते.
त्यात गुंडाळून बसलो स्टुलावर.
शुक्रवारी ह्याचा मेंदू काट्यावर चढेल,
मग बर्फात.

पुसताना माझी बोटं चाटायला लागला,
एकेक, नीट, नखांच्या आतपर्यंत.
सकाळी चोरून खाल्ली होती, मॅडम,
भाकरीबरोबर, दोन चमचे.
त्याच्या रिपोर्टात धरू नका.