नव्वद मिनिटं

वर्षातनं एकदा मेन बंद करायची
आणि दिव्यांना त्यांच्या त्यांच्या बॅटरीवर सोडून
समोर बसून राहायचं, नव्वद मिनिटं.
महिन्याच्या महिन्याला नुसतं बटण दाबून
अर्धा मिनिट बघतो, ते वेगळं.
ती नाडी बघणं झाली.
हे म्हणजे उशाशी बसणं.

रामलिंगखिंड गल्लीतलं कॉम्प्लेक्स, चार मजली.
खाली साड्या, वर दातांचा दवाखाना,
तिसऱ्यावर शिवणक्लास,
चौथ्यावर बँकेच्या परीक्षांना घोकणारी पोरं.
रविवारी रात्री नऊला शटर पडलं.
यमनाप्पा वॉचमननं खटका ओढला
आणि म्हणाला, "आयतु."

जिन्यात आम्ही दोघं, मधे चिरमुऱ्यांचा पुडा.
माझं कन्नड बाजारापुरतं,
त्याचं मराठी पगार मागण्यापुरतं.
दारावर तो हिरवा माणूस.
अठरा वर्षं ओळखतो मी त्याला,
एक पाय चौकटीच्या आत, एक बाहेर,
पोचलेला काही कधी दिसला नाही.

या गावात पाट्यांवरनं काचा फुटलेल्या बघितल्यात.
कुठली भाषा वर, कुठली खाली,
डांबराचा डबा घेऊन फिरलेली पोरं
आज दोन दोन लेकरांचे बाप आहेत.
या एवढ्याशा पाटीसाठी मात्र कुणी भांडलं नाही.
"वाच की, काय लिहिलंय," मी म्हणालो.
यमनाप्पानं अक्षर अक्षर लावलं,
"निर्गमन."
आमच्यातबी हाच शब्द, म्हटलं,
पण बोलताना कोण म्हणतंय तसं? आम्ही म्हणतो, भायर पड.
तो हसला. त्यांच्यातही नाही म्हणत.
ते म्हणतात, होरगे होगु.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला
तिसऱ्या मजल्याचा दिवा पिवळा पडला,
मग विडीच्या टोकाएवढा लाल,
मग नाही.

टॉर्च घेऊन वर गेलो.
बॅटरी पोट फुगवून बसलेली.
डब्यावर गेल्या वर्षीचं स्टिकर:
तपासणी नव्वद मिनिटं, ठीक.
खाली माझी सही, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.
गेल्या वर्षी ते अर्धा मिनिटच होतं.
लेकीचं बारसं होतं त्या दिवशी,
आणि पट्टणशेट्टी सावकार म्हणालेले,
"काय होत नाही गा, लिहून टाक."
काही झालंही नाही.
बत्तीस बायका शिवत राहिल्या वर्षभर,
अस्तराच्या ताग्यांत, तेलाच्या वासात, पंख्याखाली.

का कोण जाणे, टॉर्च बंद केली.
भिंतीला हात लावून उतरायला लागलो.
पायऱ्या मोजलेल्या होत्या माझ्या, अकरा आणि अकरा.
नवव्या पायरीला गुडघा कशावर तरी आदळला,
मऊ, जड, माणसाएवढं.
तागे. वळणावर रचून ठेवलेले.
वळलो तर भिंत हाताची सुटली.
वर कुठं, खाली कुठं,
आपल्याच हातानं अठरा वर्षं वायरिंग केलेल्या इमारतीत
मला कळेना.

"इल्ली," खालून आवाज आला.
"इल्ली, इल्ली बर्री."
इकडे, इकडे या.
त्या एका शब्दाच्या मागं मागं
मी खाली आलो.
चिरमुऱ्याचा पुडा त्यानं घट्ट धरला होता छातीशी.

साडेदहाला मेन चालू केली.
रजिस्टर उघडलं, तिसरा मजला, एक्केचाळीस.
"एष्टु?" त्यानं विचारलं. सांगितलं.
"नलवत्तोंदु," तो आपल्या आकड्यात पुटपुटला,
आणि साक्षीदाराच्या रकान्यात, न विचारता,
वळणदार कन्नडात नाव घातलं.

सोमवारी सावकारांचा फोन येईल.
बॅटरीचे पैसे, तागे कुठं ठेवायचे त्याची भानगड,
आणि परत तेच, काय होत नाही गा.
काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

जुनं स्टिकर काढायला घेतलं.
निघता निघेना. नखानं खरवडलं, मग पानं घासून.
नव्वद गेलं, ठीक गेलं.
सहीचं शेपूट तेवढं राहिलंय डब्यावर.