समोर धरायला काहीतरी

फाटकावर पाटी नव्हती, नुसता सत्तावीस आकडा
आणि हॉथॉर्नचं कुंपण, माणसापेक्षा हातभर उंच,
लाल फळांनी लगडलेलं.
निघताना संपादकीणबाईंनी बजावलेलं :
बातमी सेप्टिक टँकची आहे,
पण टँकचा फोटो कोण बघणार?

तर मी, लुइसच्या एका साप्ताहिकाची छायाचित्रकार,
अंगात रेनकोट, गळ्यात दोन कॅमेरे,
त्या हिरवळीवर कपड्यांत एकटीच.
उघड्यापाशी नागडं गेलं नि रात्रभर हिवानं मेलं,
असं आपण म्हणतो.
इथे हिव वाजत होतं ते मलाच.

सप्टेंबर. बारा अंशांची सकाळ.
काहीजणांच्या पायात मोजे, तेवढेच.
क्लाइव्ह अ‍ॅकहर्स्ट, खजिनदार,
छातीवर बायपासची शिवण, नाकावर चष्मा,
पालिकेच्या पत्रातला नकाराचा परिच्छेद
मोठ्यानं वाचत होता.
मग पंपावरून भांडण. मग वर्गणीवरून.
मग कोणीतरी म्हणालं, बिस्किटं मऊ पडलीत.
आमच्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा हुबेहूब,
फक्त इस्त्रीचा खर्च नाही.

डोरीन पिलबीम, वय एक्क्याऐंशी,
खुर्चीवर टॉवेल नीट पसरत म्हणाली,
सांग, आज काय धरू समोर?
त्र्याहत्तर साली किटली दिली होती तुमच्या लोकांनी.
नंतर टेनिसची रॅकेट, ती तर जाळीची.
एकदा जिवंत बदक. चावलं.
एकदा त्यांचंच वर्तमानपत्र,
ज्याच्या तिसऱ्या पानावर एक बाई उघडीच हसत होती
आणि तिच्यापुढे कुणी काही धरलं नव्हतं.
एकतीस वर्षं सुईण होते मी, ती म्हणाली,
माणसं मला पहिल्यांदा भेटली ती अशीच.
हे नाही कधी छापून आलं.

मी तिच्या हातात मळ्यातला भोपळा दिला.
हो, मीच.
सावली नीट पडेना म्हणून
जरा वरही धरायला लावला.

शुक्रवारी अंक आला.
मथळ्यात श्लेष होता,
मराठीत येत नाही, बरंच आहे.
क्लाइव्हवर काळी पट्टी, गरजेपेक्षा इतकी मोठी
की नजर दुसरीकडे जाईच ना.
टँक शेवटच्या ओळीत,
कापता कापता उरलेलं अर्धं वाक्य.

रविवारी इचलकरंजीहून बाबांचा फोन.
या आठवड्यात काय टिपलंस?
भाजीपाल्याचं प्रदर्शन, म्हटलं. भोपळे.
तिथल्या मातीत एवढाले? त्यांना केवढं कौतुक.
झाकली मूठ.

माझ्या बाबांचं नाव दिगंबर.
दिशा हेच ज्याचं वस्त्र, तो.
पासपोर्टवर, विजेच्या बिलावर,
फोटोखालच्या बारीक टायपातही
माझ्या नावाच्या मधोमध ते उभं असतं.
ऑफिसात कुणी अर्थ विचारलाच
तर मी सांगते, देवाचं नाव आहे,
आणि चहा आणायला जाते.

डोरीनचं कार्ड आलं, निळ्या शाईतलं.
भोपळ्याचं सूप झालं. कात्रण फ्रिजवर लावलंय.
हात छान आलेत, सुइणीचे वाटतात.
टँकचं अजून काही कळलेलं नाही.